नमुना घेतल्याचं ठिकाण

"त्या घरात तोंडाने काय वाट्टेल ते बोल. भांड, रड, आदळआपट कर. पण लिहून काही देऊ नकोस."

लग्नाला महिना उरला असताना हे तिला सांगितलं गेलं, आणि सांगणारी बाई हातात पाण्याची बाटली घेऊन काउंटरपाशी उभी होती.

काउंटर पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतला. लोक आपापल्या नळाचं पाणी आणून देत, ती अर्ज भरून घेई, बाटलीला चिठ्ठी लावी आणि आत तपासायला नेई. या बाईने बाटली ठेवली आणि म्हणाली, पाण्याला वास येतोय. तिने अर्ज पुढे ओढला आणि नेहमीचा रकाना विचारला, "नमुना घेतल्याचं ठिकाण?"

"घरातलंच पाणी आहे."

"हो, पण पत्ता?"

"पत्ता लिहू नकोस. ऐकून ठेव. मोठ्या चौकात चष्म्यांचं दुकान आहे, त्याच्या वरची खोली. मागच्या जिन्याने. मी तुझी जाऊ. म्हणजे त्या घरची सून मी होते, तू होणार आहेस."

आणि मग ते वाक्य बोलून ती निघून गेली.

या जाऊबाईंविषयी तिच्या कानावर आलं होतं ते एवढंच: थोरल्या दिरांची बायको, पोटच्या मुलीला टाकून वेगळी राहते, डोक्यावर थोडा परिणाम झालाय. त्या परिणामाचा नमुना आता समोर येऊन गेला, असं तिने मनाशी धरलं. पत्त्याशिवाय पाणी घ्यायचं नाही असा नियम होता. तिने बाटली मोरीत ओतली. ओतताना सवयीने नाकाजवळ नेली, तर पाण्याला कसलाच वास नव्हता. तेवढं एक तिला जरा खटकलं. पण लग्नाची गडबड, विसरून गेली.

शिवाय लिहून देऊ नकोस म्हणजे काय? तिचं सगळं आयुष्यच लिहिण्यावर चाललेलं. कॉलेजात रसायनशास्त्र, मग ही प्रयोगशाळा. तिथला पहिला धडा हाच की जे लिहिलं नाही ते घडलं नाही. दुसरा धडा, चुकलं तर खोडायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, शेजारी सही करायची आणि पुढे जायचं. हा दुसरा धडा शिकवणाऱ्या साहेबांना सगळे मागे 'रेघसर' म्हणत. एकदा तिच्याकडून दोन बाटल्यांची अदलाबदल झाली. ती घाबरून गेली, पण तिने रजिस्टरात जसंच्या तसं लिहिलं. रेघसरांनी वाचलं, तपासणाऱ्याच्या रकान्यात सही केली आणि म्हणाले, "स्वतःची चूक लिहिणाऱ्याला इथे कुणी बोल लावणार नाही." त्याच महिन्यात त्यांनी एका जुन्या सहकाऱ्याला घरी बसवलं होतं. त्याने बाटलीचं झाकणही न उघडता बसल्या जागी आकडे भरले होते. अशा माणसाच्या प्रेमात पडायला तिला फार वेळ लागला नाही. लग्न झालं, 'सर'चं 'तू' झालं, आणि तिला वाटलं, आपल्यासारखी नशीबवान आपणच.

छोटी जन्मली त्याच्या चौथ्या दिवशी तो जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर घेऊन आला. पट्टीने आखलेलं. वेळ, दूध, झोप, ओले लंगोट, अंघोळीच्या पाण्याचं तापमान. शेवटचे दोन रकाने प्रयोगशाळेतलेच: नोंद करणारा, तपासणारा. बघून ती इतकी हसली की टाके दुखले. पाण्यासाठी त्याने बदकाच्या आकाराचा थर्मामीटरही आणला होता.

नोंद करणारी ती, तपासणारा तो. हे उलटही असू शकतं असं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पहिले पंधरा दिवस त्या रजिस्टराचा तिला आधार वाटला. तिचा स्वभाव मुळात घोर लावून घेणारा. गॅसचं बटण तीनतीनदा बघायची. छोटी गाढ झोपली की नाकापाशी बोट धरायची, आणि छोटी हलली की आपण उठवलं म्हणून हळहळायची. लिहिलं की जीव जरा खाली बसायचा. मग रकाने वाढू लागले. 'आईची झोप' आला, कारण डॉक्टर म्हणाल्या होत्या की आईने झोपायला हवं. 'आईचं मन, दहापैकी' आला. कारण? काळजी. मग 'फोन: कुणाचा', आणि शेवटी 'बाहेर: कुठे, कुणाकडे'. आवाज चढवणारा नवरा असता तर तिच्या लक्षात आलं असतं. हा तर कधी चहाचा कपही आपटून ठेवत नसे. संध्याकाळी हातपाय धुऊन खुर्चीत बसायचा, रजिस्टर मांडीवर घ्यायचा, आणि ती छोटीला खांद्यावर घेऊन समोर उभी राहायची. एकदा तिच्या तोंडून 'सर' निघून गेलं. तो हसला. तीही हसली, पण उभीच राहिली.

छोटी रडली की ती आता आधी घड्याळाकडे बघायची, मग छोटीकडे.

पाचव्या महिन्यात एका सकाळी तिने लिहिलं: ११.२० ते ११.३५. मला झोप लागली. छोटी मांडीवर. कुणी पाहिलं नव्हतं, न लिहिता भागलं असतं. पण मग ते घडलंच नाही असं झालं असतं, आणि ते तिच्याने होईना. संध्याकाळी त्याने त्या ओळीभोवती तांबड्या शाईने गोल केला, सही केली. त्यानंतर गोल वाढत गेले. 'दूध मनगटावर टाकून बघायचं राहिलं.' गोल. 'छोटी पलंगाच्या कडेला सरकली होती, वेळेत धरली.' गोल. 'रडले. कारण नाही.' याला दोन गोल.

तिची रजा संपायला पंधरा दिवस होते तेव्हा, एका रविवारी दुपारी, सासूबाई आणि थोरले दीर घरी आले. ते शेजारच्याच गल्लीत राहत. दीर एका गोदामावर रखवालदारांचे प्रमुख होते. बसून नजर ठेवणं हाच धंदा, त्यामुळे खुर्चीत बसले की त्या खुर्चीचाच भाग वाटायचे. नवऱ्याने रजिस्टर उघडून मधोमध ठेवलं.

"मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "तिनेच लिहिलंय सगळं."

सासूबाईंनी चष्मा लावून पानं उलटली. "अगं बाई. कडेला सरकली होती?"

"धरली ना आई मी वेळेत. तेही लिहिलंय."

"हो, लिहिलंयस खरं. प्रामाणिक आहेस, ते कुणी नाही म्हणत नाही."

"मग?"

"मग काय, थोडे दिवस छोटीला माझ्याकडे राहू दे. तू खुशाल नोकरीवर जा. आम्ही कुठे अडवतोय? तुला झोप मिळेल, पोरीला शिस्त लागेल. थोरलीला नाही का मी वाढवली?" थोरली म्हणजे जाऊबाईंची मुलगी. अकरा वर्षांची, अबोल.

"मला यायचं कधी तिला भेटायला?"

"अगं, येशील की. वेळ ठरवू."

दीर पहिल्यांदाच बोलले. "शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून द्या म्हणजे झालं. उद्या कुणी म्हणायला नको, आम्ही मूल ओढून नेलं."

ओळी नवऱ्याने तयारच ठेवल्या होत्या, पेन्सिलीने. 'वरील नोंदी पाहता बाळ काही दिवस आजीकडे ठेवण्यास माझी संमती आहे.' त्यावर तिने शाईने गिरवायचं आणि खाली सही करायची.

"पुढच्या रविवारपर्यंत विचार कर," तो म्हणाला. "घाई नाही."

त्या आठवड्यात तिला एका जागी बसवेना. भात करपला. छोटीला कडेवर घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत चालत राहायची, आणि चालताना त्या दोन ओळी पाठ म्हणत असल्यासारख्या ओठांवर यायच्या. सगळं तिच्याच अक्षरात होतं, म्हणून तर खोटं पाडता येईना. शुक्रवारी छोटीचे कपडे वाळत घालताना ती बाटली आठवली. वास नसलेलं पाणी. हातातलं झबलं चिमट्यात अर्धंच अडकवून ती तशीच उभी राहिली.

शनिवारी दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, "तीन तास बाहेर जाऊन येते. छोटीला बघशील? अंघोळ राहिली आहे, दूध काढून ठेवलंय. आणि नोंदी तू करायच्या."

"कुठे?"

"आल्यावर लिहीन की. रकाना आहे ना."

त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

चष्म्यांच्या दुकानामागचा जिना अरुंद होता. वर एकच खोली, एक शिलाई मशीन आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले दोऱ्याचे तुकडे, शंभर तरी असतील. प्रत्येक दोऱ्याला वेगवेगळ्या अंतरावर गाठी. जाऊबाई कपडे आत-बाहेर करून देत, म्हणजे कुणाची बाही सोडायची, कुणाची कंबर घ्यायची. गिऱ्हाइकाचं माप त्या टेपने घेत नसत, वहीत लिहीत नसत. दोरा धरायचा, गाठ मारायची.

"ही हिरव्या दोऱ्याची शाळेतली बाई, हा तांबडा बँकेतला," त्या म्हणाल्या. "माझं मला कळतं. दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नाही. आलीस तर. दोन वर्षं लागली तुला."

तिने सगळं सांगितलं. रजिस्टर, गोल, पेन्सिलीच्या ओळी. जाऊबाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "थोडे दिवस म्हणाल्या का काही दिवस?"

"आई 'थोडे' म्हणाल्या. लिहिलंय त्यात 'काही'."

"सुधारणा झालीये म्हणायची. माझ्या कागदात 'थोडे'च होतं." त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "मला ताप होता तेव्हा. दोन वर्षांची पोर. म्हणाले, लिहून दे म्हणजे शाळेला, डॉक्टरला दाखवता येईल. मी लिहिलं, मी आजारी असते, माझ्याने होत नाही, मुलगी आजीजवळ राहू दे. थोडे दिवस. नऊ वर्षं झाली. परत मागायला गेले की कागद काढतात. ओरडत नाहीत गं, कागद वाचून दाखवतात. मुलगीही आता म्हणते, आई, तूच लिहिलंयस."

"आणि भाऊजी?"

"तो मारत नाही, काही नाही. येतो आणि बसतो. कुठेही खोली घेतली की आठ दिवसांत येऊन समोर खुर्ची टाकून बसतो. गिऱ्हाईक येतं, बघतं, निघून जातं. घरमालक म्हणतो, बाई, तुमचं काय ते बाहेर मिटवा. तीन खोल्या सोडल्या. इथे मात्र अजून नाही आलेला."

रुमाल काढायला तिने पिशवीत हात घातला तर रुमालाबरोबर प्लॅस्टिकचं बदक बाहेर आलं. निघताना छोटीच्या सामानातून चुकून टाकलं गेलं असणार.

"हे काय खेळणं?"

"थर्मामीटर. तिच्या पाण्याचा."

"का, हाताला काय झालंय तुझ्या?" जाऊबाई म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की मशीनवरची कात्री खाली पडली.

ती घरी आली तेव्हा छोटी पाळण्यात झोपली होती आणि नवरा खुर्चीत रजिस्टर बंद करून बसला होता. त्याच्या गालावर उशीच्या शिवणीची लांब खूण होती. तिने आधी छोटीचा श्वास पाहिला, मग रजिस्टर उघडलं. तीन तासांच्या बारा नोंदी, दर पंधरा मिनिटांनी एक. सगळं अक्षर एका तिरकसपणाचं, एका दमात लिहिलेलं. ३.३०, अंघोळ. पाण्याचं तापमान ३७.



"पाणी कशाने मोजलंस?"

"लिहिलंय ना. सदतीस."

"कशाने, विचारतेय."

"कशाने म्हणजे? थर्मामीटरने."

तिने पिशवीतून बदक काढून रजिस्टरावर ठेवलं.

"कोपर बुडवून पाहिलं," तो म्हणाला.

"मग कोपर लिहायचं. अंघोळ तरी घातलीस का? टॉवेल कोरडा आहे."

"झोपली होती ती. मलाही जरा डोळा लागला. त्यात काय एवढं? रोज थकतो मी."

"काही नाही. मलाही लागला होता. पंधरा मिनिटं. त्याला गोल आहे." तिने पेन त्याच्यापुढे धरलं. "खोडू नकोस. एक रेघ मार आणि शेजारी सही कर."

त्याने पेन घेतलं नाही. उठून आत गेला. दार आपटलं नाही, नेहमीसारखंच हळू लावलं.

ती खुर्चीत बसली. त्याच्या खुर्चीत, पहिल्यांदाच. मनात एकच घोळत होतं: याने खोटं लिहिलं, मी मात्र खरं लिहीन. अक्षर न् अक्षर खरं. तिने दिवसाची तिची ओळ घेतली आणि नेहमीच्या वळणदार अक्षरात 'बाहेर: कुठे, कुणाकडे' हा रकाना भरला. '३ ते ६. जाऊबाईंकडे. मोठा चौक, चष्म्यांच्या दुकानावर, मागचा जिना.' नमुना घेतल्याचं ठिकाण जितकं नेमकं तितकी नोंद पक्की, हे हाताला इतकं माहीत होतं की डोक्याला विचारायची गरज पडली नाही. खाली सही केली. आणि कितीतरी दिवसांनी तिला शांत वाटलं.

रविवारी ती मंडळी आली. तिने कुणी काही बोलायच्या आत रजिस्टर कालच्या पानावर उघडलं आणि बदक वर ठेवलं. "या पानावर तपासणाऱ्याची सही राहिली आहे," ती म्हणाली. "तीन ते सहाच्या नोंदी बसल्या जागी भरलेल्या आहेत. असं करणाऱ्याला यांनी एकदा कामावरून काढलंय. मी ओळी लिहिणार नाही, सही करणार नाही. छोटी माझ्याजवळ राहील. उद्यापासून नोंदी ठेवायच्या असतील तर एक दिवस त्यांनी ठेवायच्या, मी तपासणार."

"हे काय बोलणं झालं?" सासूबाई म्हणाल्या. "नवऱ्याला कामावरून काढणार का तू?"

"काढत नाही, आई. रेघ मारायला सांगतेय."

नवरा मान खाली घालून होता. दिरांनी रजिस्टर जवळ ओढलं. पान वाचलं. मग एका ठिकाणी बोट ठेवून पुन्हा वाचलं, सावकाश. बदक अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि रजिस्टर मिटलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "चला, आई."

इतक्या सहजासहजी? तिला खरंच वाटलं की आपण जिंकलो. त्या आठवड्यात नवऱ्याने दोनदा छोटीला अंघोळ घातली, न लिहिता. पहिल्यांदा पाणी गार होतं, छोटीने घर डोक्यावर घेतलं, दुसऱ्यांदा जमलं. पाळणाघर ठरलं. पुढच्या शनिवारी छोटीला कडेवर घेऊन ती मागचा जिना चढली, जाऊबाईंना सांगायला.

दाराला कुलूप होतं. खिडकीतून भिंत दिसत होती, खिळे होते, दोरे नव्हते.

खाली चष्मेवाल्याने तिला बसायला स्टूल दिलं. "त्या गेल्या बुधवारी," तो म्हणाला. "त्यांचे मिस्टर आले होते सोमवारी. तसा भला माणूस वाटला. आवाज नाही, काही नाही. जिन्याच्या पायरीशी खुर्ची मागून घेतली आणि बसले. मंगळवारीही आले. बाईंनी बुधवारी पहाटेच मशीन हातगाडीवर घातलं. कुठे ते बोलल्या नाहीत. तुम्ही त्यांच्या कोण?"

तिला तिचं अक्षर दिसत होतं. मोठा चौक, चष्म्यांच्या दुकानावर, मागचा जिना. त्यावर आता रेघ मारून काय होणार होतं? छोटी तिच्या खांद्याला तोंड घासत होती आणि तिला कळत होतं की आपलं मूल आपल्या कडेवर आहे, आणि ते ज्या बाईमुळे आहे तिला आपण आपल्या सहीने बेघर केलंय. चष्मेवाल्याकडून नंबर घेऊन फोन लावला तर वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशी वाजलाही नाही.

तेव्हापासून रस्त्याने जाताना तिची मान सारखी वर जाते, दुकानांवरच्या खिडक्यांकडे. मशीनचा आवाज आला की पाय थबकतात. कपडे शिवणाऱ्या किती बायका असतात गावात, हे तिला आताच कळलंय.

म्हणून हे वाचणाऱ्यांकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत, एखाद्या दुकानावरच्या खोलीत, नुकतीच कुणी बाई राहायला आली असेल. कपडे आत-बाहेर करून देत असेल. माप टेपने न घेता दोऱ्याला गाठ मारून घेत असेल, आणि नाव विचारलं तर हसून दुसरंच काही बोलत असेल, तर एकदा जिना चढून जा. एखादी बाही सैल करायला न्या, निमित्ताला. समोर कुणी खुर्ची टाकून बसलेलं नाही ना, बघा. तिला सांगा की मी सही केली नाही, छोटी माझ्याजवळच आहे. तिने रागावून दोन शब्द सुनावले तर ऐकून घ्या, ते माझे आहेत. आणि ती कुठे सापडली ते मला कळवू नका, लिहून तर मुळीच नको. फक्त ती बरी आहे का, तेवढं बघून या.